जुन्या विद्युत मोटारीचे मोल

बैलबाजारात जोडी पाहणारा शेतकरी मालकाच्या वर्णनावर विसंबून राहत नाही. तो बैलाच्या जबड्यात हात घालतो, दात पाहतो आणि बैल दोन दाती आहे, चार दाती आहे की पूर्ण जुळलेला आहे हे ठरवूनच किमतीच्या गोष्टीस हात घालतो. यवतमाळ जिल्ह्यात कापसाचीही तीच रीत आहे. खरेदी केंद्रावर कापसातील ओलावा यंत्राने मोजला जातो; सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात होते. ओलावा मोजण्याचे साधन नसते तर प्रत्येक गाडीभर कापूस ओला समजूनच त्याचा भाव केला गेला असता, हे कोणताही कापूस उत्पादक सांगेल.

वापरलेली विद्युत मोटार विकताना किंवा घेताना आज नेमकी हीच अडचण उभी राहते. या मोटारीच्या किमतीचा मोठा भाग, साधारणतः तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, तिच्या बॅटरीत असतो. ही बॅटरी वयाबरोबर क्षीण होते. परंतु ती किती क्षीण झाली, हे नोंदणी पुस्तकात लिहिलेले नसते आणि धावलेले किलोमीटर दाखविणाऱ्या मीटरवरूनही कळत नाही. साहजिकच घेणारा साशंक असतो आणि त्या शंकेची किंमत विकणाऱ्याला मोजावी लागते. एमएच-२९ क्रमांकाच्या पहिल्या विद्युत मोटारींना आता काही वर्षे होत आली असून, त्या दुसऱ्या मालकाकडे जाण्याचा काळ सुरू झाला आहे. शिक्षक, ग्रामसेवक, छोटे व्यापारी अशा मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना पहिली मोटार बहुधा अशीच, वापरलेली, परवडते. त्यांच्या बचतीच्या दृष्टीने हा विषय समजावून घेणे अगत्याचे ठरते.

बॅटरी म्हातारी कशी होते

बॅटरीविषयीचे लोकमत मुख्यतः इन्व्हर्टरवरून बनलेले आहे. भारनियमनाच्या काळात विदर्भातील घराघरांत, ग्रामपंचायत कार्यालयांत आणि दवाखान्यांत इन्व्हर्टर आले. त्यांची शिसे-आम्लाची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, हा सर्वांचा अनुभव आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षांच्या चालकांना तर वर्ष-दीड वर्षातच नव्या संचाचा खर्च करावा लागतो. भारतातील पहिली लोकांपर्यंत पोहोचलेली विद्युत मोटार म्हणजे बंगळूरची ‘रेवा’. ती २००१ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यातही शिसे-आम्लाच्याच बॅटऱ्या होत्या आणि काही वर्षांनी त्या बदलण्याचा खर्च मालकापुढे उभा राहत असे. तेव्हापासून ‘बॅटरीची गाडी म्हणजे तीन-चार वर्षांचा खेळ’ हा समज रूढ झाला.

आजच्या मोटारींत लिथियम-आयन बॅटरी असते. तिची चाल वेगळी आहे. हा संच म्हणजे शेकडो लहान-मोठ्या घटांची जुळणी होय. प्रत्येक घटात चार्ज होताना लिथियमचे आयन एका विद्युदग्राकडून दुसऱ्याकडे जातात व गाडी चालताना परत येतात. या ये-जा करण्यात थोडे लिथियम वाटेतच अडकते: ऋण विद्युदग्रावर एक सूक्ष्म थर साचतो आणि त्या थरात गेलेले लिथियम पुन्हा कामास येत नाही. हाच थर हळूहळू जाड होत जातो. बॅटरीची क्षमता घटण्याचे ते एक मुख्य कारण आहे.

यातील लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, हा थर गाडी उभी असतानाही वाढत असतो. म्हणजे बॅटरीला दोन वये असतात, एक चालण्याचे आणि दुसरे केवळ दिवस जाण्याचे. ‘गाडी फारच कमी चालली आहे’ हे पेट्रोल मोटारीच्या बाबतीत मोठे प्रशस्तिपत्र मानले जाते. विद्युत मोटारीला ते तसेच्या तसे लागू पडत नाही. चार वर्षांत जेमतेम वीस हजार किलोमीटर धावलेली, पण उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पूर्ण चार्ज करून उभी ठेवलेली मोटार साठ हजार किलोमीटर धावलेल्या, सावलीत राहिलेल्या मोटारीपेक्षा अधिक थकलेली असू शकते.

उन्हाचा हिशेब

तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो, हा ठोकताळा विज्ञान शिक्षकांच्या परिचयाचा आहे. बॅटरीतील नको असलेल्या क्रियांनाही तो ढोबळमानाने लागू होतो. या घटांना १५ ते ३५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीचे तळ त्याहूनही अधिक तापतात.

अशा उन्हाने काय होऊ शकते, याचा धडा जगाने अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या फिनिक्स शहरात घेतला. तेथील उन्हाळा विदर्भासारखाच भाजून काढणारा असतो. निसान कंपनीची ‘लीफ’ ही मोटार २०१० च्या अखेरीस विक्रीस आली. तिच्या बॅटरीला द्रव फिरवून थंड ठेवण्याची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्स परिसरातील मालकांच्या तक्रारी येऊ लागल्या की, क्षमता दर्शविणाऱ्या १२ रेघांपैकी काही रेघा एक-दोन वर्षांतच नाहीशा झाल्या आहेत. थंड प्रदेशातील त्याच मोटारींना हा त्रास तितका झाला नव्हता. पुढे कंपनीने क्षमता नऊ रेघांच्या खाली गेल्यास ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांपर्यंत हमी देऊ केली आणि बॅटरीच्या रसायनातही सुधारणा केली. तथापि त्या पहिल्या मोटारींच्या फेरविक्रीचे भाव जे कोसळले, त्याची छाया पुढे बराच काळ सर्वच विद्युत मोटारींवर पडून राहिली.

त्यानंतरच्या बहुतेक मोटारींत बॅटरीभोवती द्रव खेळवून तिचे तापमान राखले जाते. म्हणून फिनिक्सचा अनुभव आजच्या प्रत्येक गाडीला लावणे अन्यायाचे होईल. मात्र जुनी मोटार घेताना तिची बॅटरी द्रवाने थंड होते की नुसत्या हवेने, हा प्रश्न यवतमाळ, वणी किंवा पांढरकवड्याच्या ग्राहकाने पुण्याच्या ग्राहकापेक्षा अधिक आग्रहाने विचारला पाहिजे.

बॅटरीच्या जातीचाही संबंध आहे. सध्या मुख्यतः दोन जाती वापरात आहेत. एकीत निकेल, मँगनीज व कोबाल्ट असते. दुसरीत लोह व फॉस्फेट. लोह-फॉस्फेटची बॅटरी वजनाच्या मानाने थोडी कमी वीज साठविते, परंतु ती उष्णता अधिक सोसते आणि तिला चार्जिंगची आवर्तनेही अधिक मिळतात. निकेलच्या बॅटरीला रोज ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करणे हिताचे असते. लोह-फॉस्फेटच्या बाबतीत मात्र अधूनमधून पूर्ण चार्ज करण्याची शिफारस कंपन्या करतात, कारण तसे न केल्यास काटा चुकीचा दाखवू लागतो. कोणत्याही जातीची असो, भर मे महिन्यात १०० टक्के चार्ज करून आठवडाभर उन्हात ठेवणे ही तिला दिलेली मोठी शिक्षा होय.

घट किती, आणि कोणाला जाणवते

प्रत्यक्षात घट किती होते? जिओटॅब या संस्थेने २०२४ मध्ये सुमारे १०,००० विद्युत वाहनांची माहिती तपासली, तेव्हा सरासरी वार्षिक घट १.८ टक्के आढळली. सरासरीचा अर्थ अर्थातच सर्वांची सारखी असा नव्हे. उष्ण प्रदेशातील व सतत जलद चार्जिंगवर चालणाऱ्या वाहनांची घट अधिक असते. शिवाय ही घट सरळ रेषेत होत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत ती काहीशी वेगाने होते, नंतर मंदावते आणि दीर्घकाळ संथ राहते; अगदी शेवटी पुन्हा वेग घेऊ शकते. त्यामुळे तीन वर्षांच्या मोटारीची घट पाहून ‘हिची बॅटरी दहा वर्षांत संपणार’ असे त्रैराशिक मांडणे चुकीचे आहे. दुसऱ्या मालकाच्या वाट्याला बहुधा संथ काळच येतो.

घटीचा अर्थ मात्र प्रत्येकाला सारखा नसतो. उदाहरणादाखल, ३० युनिटांची (म्हणजे ३० किलोवॉट-तासांची) बॅटरी असलेली एक मोटार घ्या, जी नवी असताना प्रत्यक्ष रस्त्यावर २०० किलोमीटर धावते. वाटेत अडकू नये म्हणून शहाणा चालक २० टक्के वीज शिल्लक ठेवतो. तेव्हा तिचा भरवशाचा पल्ला १६० किलोमीटर झाला. यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. म्हणजे नवी मोटार कळंब, देवळी, वर्धा मार्गे थेट नागपूर गाठते. क्षमता ९० टक्क्यांवर आली की भरवशाचा पल्ला १४४ किलोमीटर होतो आणि नागपूर जरासे दुरावते. ८० टक्क्यांवर तो १२८ होतो. उन्हाळ्यात वातानुकूलन चालू ठेवून महामार्गावर वेगाने गेल्यास त्यातूनही काही किलोमीटर वजा होतात. मग वर्ध्याला थांबणे आलेच.

ज्याच्या घरात आजारी माणूस आहे आणि ज्याला महिन्यातून दोनदा नागपूरच्या रुग्णालयात जावे लागते, त्याच्या दृष्टीने ही दहा-वीस टक्के घट फार मोठी आहे. उलट दारव्ह्यात राहून रोज तीस किलोमीटरवरील शाळेत ये-जा करणाऱ्या शिक्षकाला ८० टक्के क्षमतेची तीच मोटार आणखी अनेक वर्षे निर्वेधपणे पुरेल. जुन्या विद्युत मोटारीचा एकच ‘बाजारभाव’ सांगणे यामुळे कठीण होते. रोजचा प्रवास लहान असणाऱ्याने थकलेली, पण त्या मानाने स्वस्त मोटार निःशंकपणे घ्यावी. दूरच्या प्रवासाची गरज असणाऱ्याने ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

भाव का उतरतो

बॅटरीची झीज हे भाव उतरण्याचे एक कारण झाले. दुसरे कारण नव्या बॅटरीच्या किमतीत आहे. २०१० च्या सुमारास लिथियम बॅटरीची किंमत प्रति किलोवॉट-तास एक हजार डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीनुसार ती सरासरी ११५ डॉलरवर आली. नवी मोटार दरवर्षी अधिक पल्ल्याची आणि तुलनेने स्वस्त होत गेली की जुनीची किंमत आपोआप खाली येते, तिच्या बॅटरीत कसलाही दोष नसला तरी. शासनाच्या प्रोत्साहनाचाही असाच परिणाम होतो. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात पहिल्या १०,००० मोटारींसाठी प्रति किलोवॉट-तास ५,००० रुपये, कमाल दीड लाख रुपये, असे अनुदान होते. पहिल्या मालकाला मोटार जितक्या सवलतीत पडली, तितकी ती पुढच्या ग्राहकाच्या हिशेबातही स्वस्तच धरली जाते. हा तोटा नव्हे. पण विकणाऱ्याला तो तसा वाटतो.

तिसरे कारण सर्वांत प्रबळ आहे आणि त्याचा रसायनाशी संबंध नाही. ८८ टक्के क्षमतेची आणि ७० टक्के क्षमतेची मोटार बाहेरून सारखीच दिसते. दोहोंतील फरक ओळखता येत नाही म्हणून ग्राहक दोघींनाही ७० टक्क्यांच्या मोटारीचा भाव देतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन हे दाखविले होते की, गुणवत्ता पारखता येत नसेल तर चांगला माल बाजारातून निघून जातो व वाईट तेवढा उरतो. या व त्यांच्या संबंधित कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. विद्युत मोटारीची बॅटरी म्हणजे त्यांच्या सिद्धांताचे जणू आदर्श उदाहरण होय. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जेथे उमरखेड किंवा झरी-जामणीच्या मालकाला तपासणीसाठी दूर जावे लागते, तेथे हे अज्ञान अधिकच महाग पडते.

या अज्ञानावर हमीपत्र हा एक उतारा आहे. बॅटरीवर साधारणतः ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी असते आणि क्षमता ठराविक मर्यादेच्या, बहुधा ७० टक्क्यांच्या, खाली गेल्यास ती लागू होते. चार वर्षांची हमी शिल्लक असलेली मोटार आणि सहा महिन्यांची शिल्लक असलेली मोटार यांच्या भावात मोठे अंतर पडते, ते योग्यच आहे. मात्र येथे एक खाचखळगा आहे. २०२४ पासून काही कंपन्यांनी ‘आजीवन’ हमी देण्यास प्रारंभ केला. तिचा पूर्ण लाभ पहिल्या नोंदणीकृत मालकापुरताच असतो. मोटार दुसऱ्याच्या नावावर होताच ही हमी ठराविक वर्षांवर व किलोमीटरवर येऊ शकते. विक्रेत्याने ‘आजीवन हमी आहे’ असे सांगितले तर हमीपत्रातील मालकी बदलाचे कलम वाचल्याविना इसार देऊ नये. काही मोटारी बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेतून विकल्या जातात. एमजी कंपनीची ‘विंडसर’ ही मोटार सप्टेंबर २०२४ मध्ये तशी आली. अशी मोटार घेणाऱ्याने भाड्याचा करार कोणाच्या नावे राहील, याचा उलगडा आधी करून घ्यावा.

घरच्या मीटरवर पारख

क्षमतेचा दाखला कंपनीच्या सेवा केंद्रात मिळविणे हा उत्तम मार्ग. तथापि एक साधी पारख घरीही करता येते. ती एखाद्या माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकाने विद्यार्थ्यांसमोर करून दाखवावी, इतकी सोपी आहे.

मोटार चालवून काटा २० टक्क्यांवर आणावा. नंतर वेगळे मीटर जोडलेल्या साध्या सॉकेटवरून, शक्यतो रात्रीच्या गारव्यात, ती १०० टक्के होईपर्यंत चार्ज करावी आणि मीटरवरील युनिटे मोजावीत. ३० युनिटांच्या नव्या बॅटरीत ८० टक्के भरण्यासाठी २४ युनिटे आत जावी लागतात. चार्जिंगमध्ये सुमारे १२ टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते असे धरले, तर मीटरवर २७ युनिटांच्या वर आकडा दिसेल. समजा, तपासणीत मीटरवर २२ युनिटेच आली. वाया गेलेली वजा जाता सुमारे १९.४ युनिटे आत गेली. ती ८० टक्के असतील तर पूर्ण क्षमता सुमारे २४ युनिटे, म्हणजे मूळच्या ८१ टक्के ठरते. या पद्धतीत दोन-चार टक्क्यांची चूक होऊ शकते, कारण काट्याची टक्केवारी संगणक ठरवितो आणि काही कंपन्या थोडी क्षमता राखून ठेवतात. तरीही ८८ आणि ७० यांतील फरक ती निश्चित दाखविते. सौद्यासाठी तेवढे पुष्कळ झाले.

क्षमता चांगली असूनही एखादा घट इतरांहून लवकर थकतो आणि सगळ्या संचाला मागे खेचतो. चार्जिंगच्या अखेरीस काटा एकदम उडी मारत असेल किंवा २५ टक्क्यांवरून अचानक १० टक्क्यांवर येत असेल, तर तसा संशय घ्यावा. अशा वेळी पूर्ण संच बदलावा लागतोच असे नाही. अनेक संचांत तेवढा भाग बदलता येतो. ‘बॅटरी गेली’ या एका शब्दावर मोटार मातीमोल भावाने देऊन टाकण्यापूर्वी हे तपासून घेणे इष्ट.

शासकीय वाहनांची गोष्ट

हा प्रश्न खासगी मालकांपुरता मर्यादित नाही. राज्य शासनाने जानेवारी २०२२ पासून शासकीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी नव्याने घ्यावयाची वाहने विद्युत असावीत असा निर्णय जाहीर केला होता. शासकीय वाहनांच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही, असा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. म्हणजे आज ना उद्या या मोटारींचे निर्लेखन व लिलाव होणार आणि त्यांची किमान बोली कोणाला तरी ठरवावी लागणार. वर्षे आणि किलोमीटर या दोनच मापांवर ती ठरविल्यास सार्वजनिक पैशाचे नुकसान होऊ शकते, किंवा बोलीच येणार नाही. वाहनाच्या लॉगबुकात इंधनाचा रकाना असतोच. त्यात वर्षातून एकदा, उन्हाळा संपल्यावर, मोजलेली क्षमता आणि तपासणीची तारीख लिहिण्यास काही खर्च येत नाही. खासगी मालकानेही आपल्या सेवा पुस्तिकेत तशी नोंद ठेवली, तर विक्रीच्या दिवशी तो कागद हजारो रुपयांचा ठरतो.

जगात या नोंदीला नियमाचे रूप येत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२२ मध्ये तयार झालेल्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ नुसार मोटारीच्या बॅटरीची ८० टक्के क्षमता ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत आणि ७० टक्के क्षमता ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत टिकली पाहिजे, आणि बॅटरीची प्रकृती मालकाला पाहता आली पाहिजे. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून विद्युत वाहनांच्या बॅटरीला स्वतंत्र ‘पारपत्र’ असणार आहे.

सौदा ठरल्यावरची कागदपत्रे इतर मोटारींसारखीच असतात. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, आणि कर्ज असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र. विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. मोटार नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतल्यास जानेवारी २०२५ पासून त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला विकल्यास तो लागत नाही. या कागदांच्या जोडीला बॅटरीचे मूळ हमीपत्र, चार्जर आणि त्याची केबल ताब्यात घ्यावी, कारण हरवलेल्या चार्जरची किंमत सौद्यातील सवलत सहज खाऊन टाकते.

मोटारीस नालायक ठरलेली बॅटरीही अगदी निकामी नसते. ७० टक्क्यांच्या खाली गेलेला संच रस्त्यावर अपुरा पडला, तरी सौर पॅनेलची दिवसाची वीज रात्रीसाठी साठविण्याचे काम तो आणखी काही वर्षे करू शकतो. त्यानंतर तो भंगारवाल्याच्या हाती न देता अधिकृत पुनर्वापर व्यवस्थेकडे जावा, यासाठी केंद्राचे ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम असून, परत घेण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली आहे.